हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं?

सकाळी ८. भोसरीतल्या आमच्या टेस्ट लॅबमध्ये आल्या आल्या आधी मल्टिमीटर चालू करते. साडेसहा अंकी मीटरला तापायला तासभर द्यावाच लागतो. त्याआधीच्या रीडिंगवर मी सही करत नाही.

९. पायथनची स्क्रिप्ट रॅकमधल्या एकेका उपकरणाला ‘*आयडीएन?’ विचारते. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर असं चार भागांचं उत्तर येतं. हा प्रश्न १९८७ च्या आयट्रिपलई ४८८.२ मानकातला. व्होल्टेज मोजायची आज्ञाही सगळ्या कंपन्यांची सारखी असावी म्हणून १९९० मध्ये एससीपीआय ही सामायिक आज्ञांची भाषा आली. जाडजूड जीपीआयबी केबल जाऊन लॅनची वायर आली, तरी भाषा तीच राहिली. सिरियल नंबर कॅलिब्रेशनच्या नोंदीशी जुळवायचा. मुदत संपली असेल तर आमचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. हा नियम मी हट्टानं घालून घेतला आहे.

१०. पाच व्होल्टच्या पॉवर सप्लाय बोर्डांची टेस्ट सुरू.

११:३०. “मॅडम, रिपल पाच व्होल्ट कसा येईल?” नव्या ट्रेनीनं अगदी योग्य जागी बोट ठेवलं. रिपल, म्हणजे आउटपुटवरची बारीक चढउतार, काही मिलिव्होल्टच असायला हवा, आणि स्क्रीनवर ५.००३.

व्होल्टेजचं रीडिंग स्थिर यावं म्हणून त्यानं मीटरला शंभर पॉवर सायकल मोजायला लावलं होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंद आणि शंभर म्हणजे २ सेकंद. त्यात दर वेळी शून्यही मोजणारं ऑटोझिरो चालू, म्हणजे ४. उपकरणांशी बोलणारी पायथनची लायब्ररी पायव्हिसा मात्र आपण वेगळं सांगितलं नाही तर २ सेकंदच थांबते. टाइमआउट झाला, स्क्रिप्टनं ती पायरी सोडली, लोड बदलला, पुढचा प्रश्न टाकला. मधल्या वेळात व्होल्टेजचं उत्तर आलं आणि सॉकेटमध्ये पडून राहिलं. रिपल विचारल्यावर तेच हाती आलं. तिथून पुढे प्रत्येक उत्तर आधीच्या प्रश्नाचं!

अशा बिघाडाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. मीटर अचूक, आकडा खरा, आणि नोंद साफ चुकीची. उपकरण बंद पडलं तर निदान कळतं तरी.

आता टाइमआउट १० सेकंदांचा केला. तरीही तो झालाच, तर कनेक्शन तोडून नवं जोडायचं, एरर क्यू रिकामी करायची आणि तो बोर्ड पहिल्यापासून मोजायचा.

२. जेवण झाल्यावर सकाळचे सगळे बोर्ड पुन्हा लावले.

४:३०. आयटीवाल्यांना आमचा रॅक ऑफिसच्या नेटवर्कवर हवा आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. ५०२५ पोर्टवर आमची उपकरणं पासवर्ड विचारत नाहीत. नेटवर्कवरच्या कुणालाही सप्लायचं आउटपुट चालू करता येईल, आणि तेव्हा आमच्यापैकी कुणाचा तरी हात बोर्डवर असेल. रॅक वेगळ्या स्विचवरच राहील.

६. रात्रभराची तापमान-टेस्ट लावली. प्रत्येक रीडिंगशेजारी वेळ, रेंज, सायकलची संख्या, मीटरचा सिरियल नंबर आणि पाठवलेला प्रश्न जसाच्या तसा नोंदला जातो. हा शेवटचा कॉलम आजच वाढवला, ट्रेनीच्या सांगण्यावरून.