बंद करून बघा, पण बंद ठेवू नका

ब्राउझरमध्ये पान खाली सरकवताना मध्येच काळे चौकोन उमटतात, व्हिडिओ हिरवा पडतो, नाहीतर अख्खी विंडो लुकलुकायला लागते. कॉम्प्युटरमधल्या एखाद्या जाणकाराला फोन लावला की ठरलेलं उत्तर येतं : ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद कर.’ बऱ्याचदा त्यानं खरंच गुण येतो. मग ते बटण तसंच बंद राहतं आणि काही दिवसांनी नवी तक्रार सुरू होते. यूट्यूब लावलं की लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, बॅटरी टिकत नाही. या दुसऱ्या तक्रारीचं मूळ पहिल्या उपायात असू शकतं, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

या बटणावर नेमकं ठरतं ते एवढंच, की चित्राचं काम कोणी करायचं. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं, तर दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचा हिशेब होतो. ४के स्क्रीनवर तो चौपट. शिवाय व्हिडिओ आकुंचित करून पाठवलेला असतो, तो आधी उलगडावा लागतो. सीपीयूला, म्हणजे मुख्य प्रोसेसरला, हे सगळं जमतं, पण त्याच्या मोजक्या कोअरना इतरही शंभर कामं असतात. जीपीयूमध्ये, म्हणजे चित्रासाठीच्या खास चिपमध्ये, एकाच प्रकारची गणितं एकाच वेळी करणारी छोटी एककं मोठ्या संख्येनं असतात आणि व्हिडिओ उलगडायला सहसा वेगळं सर्किटच असतं. तेच काम ते कमी विजेत उरकतं. त्यासाठी महागडं कार्ड लागतं असंही नाही. साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही बहुधा छोटा जीपीयू असतोच.

एनव्हिडियानं १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड ‘जगातला पहिला जीपीयू’ म्हणून बाजारात आणलं, तेव्हा गिऱ्हाईक होते ते मुख्यतः गेम खेळणारे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये मात्र हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन कमी-जास्त करायची पट्टी सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर होती. ‘नन’पासून ‘फुल’पर्यंत सहा पायऱ्या. उजवीकडून एक पायरी मागे आलं की आधी माउसच्या बाणाचं अ‍ॅक्सिलरेशन बंद व्हायचं, आणखी मागे गेलं की थ्रीडीचं. ही पट्टी ‘ट्रबलशूट’ नावाच्या टॅबमध्ये होती, म्हणजे ती दिलीच होती दोष शोधण्यासाठी. पुढे मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ एकाच महिन्यात आले आणि वेबपानं रंगवण्याचं कामही जीपीयूकडे गेलं.

मग बिघडतं कुठे? बहुतेकदा ड्रायव्हरमध्ये. ब्राउझर आणि चिप यांच्यामधला हा दुभाषा जुना किंवा सदोष असला, की चित्र फाटतं. विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे की जीपीयूनं साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर नव्यानं सुरू करते. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, ती यामुळेच. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून हेच काम हातानंही करता येतं.

क्रोममध्ये हा पर्याय सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ विभागात आहे. फायरफॉक्समध्ये ‘परफॉर्मन्स’खालची शिफारशीची खूण काढली की तो दिसतो. बदल केल्यावर ब्राउझर पुन्हा सुरू करायला हवा. पण बटण चालू आहे म्हणजे सोय चालू आहेच, असं नाही. सदोष ड्रायव्हरच्या याद्या दोन्ही ब्राउझर बाळगतात आणि त्यातला ड्रायव्हर आढळला तर गुपचूप सीपीयूवर काम ढकलतात.

खरं काय चाललंय ते यूट्यूबवरच पाहता येतं. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडायचं आणि ‘कोडेक्स’ची ओळ वाचायची. तिथे ‘एव्ही०१’ दिसलं, तर व्हिडिओ २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ पद्धतीचा आहे. तो उलगडणारं सर्किट इंटेलच्या अकराव्या पिढीत आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत, म्हणजे २०२० च्या सुमारास आलं. त्याआधीच्या लॅपटॉपवर बटण चालू असूनही हा भार सीपीयूवर पडतो. त्याच वेळी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूखालचा ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख पाहावा. व्हिडिओ चालू असूनही तो तळाला सपाट असेल, तर सीपीयू एकटाच राबतोय. अशा वेळी १०८० ऐवजी ७२० वर पाहिलं की पंखा शांत होतो.

थोडक्यात, चित्र बिघडलं की बटण बंद करून बघावं. दोष गेला, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घालावा आणि बटण पुन्हा चालू करावं. त्रास ड्रायव्हर अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’नं आधीचा परत आणता येतो. स्क्रीन शेअर करताना ओटीटीवरचा सिनेमा समोरच्याला काळा दिसतो, तो मात्र बिघाड नव्हे. नक्कल होऊ नये म्हणून कंपन्यांनीच केलेली ती तजवीज आहे.

विंडोज १० मध्ये मे २०२० च्या अपडेटनं आलेलं ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ हे नावानं सारखं वाटलं, तरी वेगळं प्रकरण आहे. जीपीयूकडे आलेल्या कामांची रांग कोणी लावायची, एवढंच त्यात ठरतं. ब्राउझरमधल्या काळ्या चौकोनांसाठी आधी तिथे हात घालायची गरज नाही. कंपनीनं नवे ड्रायव्हर देणं थांबवलेल्या जुन्या मशीनवर दोष हटतच नसेल, तर ब्राउझरमधलं बटण कायमचं बंद ठेवायला हरकत नाही. फक्त चार्जर जवळ हवा.