उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचा टिकाऊपणा : १९०८ ते १९९३

उभा व्हॅक्यूम क्लीनर हे मुख्यतः गालिच्यासाठी घडवलेले यंत्र आहे. जमिनीलगतच्या डोक्यात मोटर, पंखा आणि फिरता ब्रश, त्यावर उभा दांडा आणि दांड्याला टांगलेली धुळीची पिशवी, अशी त्याची मूळ रचना. १९०८ साली अमेरिकेत बाजारात आलेली ही रचना पुढची ऐंशी वर्षे मुळातून फारशी बदलली नाही. त्या काळातली कितीतरी यंत्रे आजही चालतात. ती इतकी का टिकली आणि सफाईत ती किती सरस होती, हे दोन प्रश्न नेहमी एका दमात विचारले जातात, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. टिकाऊपणा आला तो धातूचा सांगाडा, मोटरवरचा बेताचा ताण आणि सहज बदलता येणारे झिजाऊ भाग यांमुळे. सफाई अवलंबून होती ती ब्रशवर आणि हवेच्या प्रवाहावर.

या यंत्राचा जनक जेम्स मरे स्पँगलर हा ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करत असे. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. १९०७ साली त्याने विजेची मोटर, पंखा, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून पहिला नमुना तयार केला. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम हूवर यांनी ते विकत घेतले आणि त्याच वर्षी ‘मॉडेल ओ’ विक्रीला आणले. त्याआधी, १९०१ साली, इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढणारे यंत्र बनवले होते. मात्र ते घोडागाडीवरून दारापर्यंत न्यावे लागे आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. स्पँगलरच्या यंत्राने हे काम एका माणसाच्या हातात आणले.

गालिच्यातली खरी अडचण वरवरच्या धुळीची नसते. चपलाबुटांबरोबर आलेली बारीक रेती लोकरीच्या तंतूंच्या मुळाशी जाऊन बसते आणि पाय पडेल तसतशी तंतू कापत राहते. नुसत्या ओढीने ती वर येत नाही, आधी तिला मोकळे करावे लागते. १९२६ साली हूवर कंपनीने ‘मॉडेल ७००’मध्ये फिरत्या ब्रशला धातूच्या पट्ट्या जोडल्या. हवेच्या ओढीने गालिचा किंचित वर उचलला जाई, पट्ट्या त्यावर झपाट्याने ठोके देत आणि सुटी झालेली रेती प्रवाहाबरोबर पिशवीत जाई. पुढच्या बहुतेक उभ्या यंत्रांची गालिच्यावरची कामगिरी ठोकणे, झाडणे आणि ओढणे या त्रयीवरच उभी राहिली.

१९३६ साली हेन्री ड्रेफस यांनी हूवरसाठी ‘मॉडेल १५०’ची आखणी केली. त्यात वरचे आवरण बेकेलाइट या सुरुवातीच्या प्लास्टिकचे होते आणि वजन कमी करण्यासाठी मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला होता. बेकेलाइट उष्णता चांगली सोसते, पण आपटले तर तडकते. म्हणून या पिढीतल्या यंत्रांची मोटर शाबूत आणि आवरणाला मात्र चीर, असे चित्र वारंवार दिसते. ब्रिटनमध्ये हूवरने १९३३ साली लंडनजवळ पेरिव्हेल येथे कारखाना उघडला. तिथल्या लहान घरांसाठी काढलेले आटोपशीर ‘हूवर ज्युनिअर’ सुधारत सुधारत १९८० च्या दशकापर्यंत विकले गेले. एकच रचना इतकी वर्षे चालू राहिल्याचा फायदा दुरुस्तीला झाला. ब्रश फिरवणारा पट्टा, ब्रश, पिशवी हे भाग दीर्घकाळ बाजारात मिळत राहिले आणि कारागिरांचा हात त्यांवर बसला.

टिकाऊपणाचा विषय निघाला की कर्बीचे नाव पुढे येते. क्लीव्हलंडच्या स्कॉट अँड फेट्झर कंपनीने १९३५ साली जेम्स कर्बी यांच्या नावाने पहिले यंत्र काढले. ओतीव ॲल्युमिनियमचे अंग, समोर मोठा पंखा आणि मागे मोटर हा त्याचा साचा पुढे कायम राहिला. डोके सुटे करून नळी जोडता येई, त्यामुळे तेच यंत्र पडदे व सोफे साफ करायलाही चाले. कर्बी दारोदारी प्रात्यक्षिक दाखवून विकले जाई आणि किंमत बरीच असे. पण जुने यंत्र कारखान्यात पाठवून नव्यासारखे करून घेण्याची सोयही कंपनीने ठेवली होती. त्यामुळे एका घरात एकच यंत्र दोन पिढ्या चालल्याची उदाहरणे विरळ नाहीत. वजन हा त्याचा मोठा तोटा. १९९० च्या ‘जनरेशन ३’मध्ये मोटरच्या जोरावर चाके फिरवण्याची सोय आली ती त्याचसाठी.

या साऱ्या यंत्रांत धूळ आधी पंख्यातून जाते आणि मग पिशवीत. ब्रशपासून पंख्यापर्यंतचे अंतर फक्त काही इंचांचे असल्याने प्रवाह वाटेत फारसा क्षीण होत नाही आणि माफक ताकदीची मोटरही पुरते. मोटर थंड ठेवणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून धूळ मोटरीच्या गुंडाळ्यांत शिरत नाही. या यंत्रांच्या मोटरी दीर्घायुषी ठरण्याचे हे एक मोठे कारण आहे. उलट बाजूने पंख्याला मात्र सगळे झेलावे लागते. नाणे, खिळा किंवा खडा आत गेला तर त्याची पाती मोडतात. जुने पंखे धातूचे होते, पुढे चिवट प्लास्टिकचे आले. दोन्हीही बदलता येत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालण्याची पद्धत रुजली आणि जॉर्जियातले डाल्टन हे कार्पेट उद्योगाचे केंद्र बनले. १९५७ साली आलेल्या ‘हूवर कन्व्हर्टिबल’मध्ये नळीचा जोड बसवताच मोटरचा वेग आपोआप वाढे. नळीच्या लांब वाटेत ओढ कमी पडते, ही उणीव त्यातून काही अंशी भरून निघे. १९६३ च्या ‘डायल-ए-मॅटिक’ने हवेचा मार्गच बदलला. त्यात धूळ आधी कडक आवरणातल्या पिशवीत अडे आणि गाळलेली हवा पंख्याकडे जाई. पंखा सुरक्षित झाला आणि नळीची ओढ सुधारली, पण हवेला लांबचा वळसा पडू लागला. पिशवी भरत जाई तसा प्रवाह घटे आणि पिशवी फाटलीच तर धूळ पंखा व मोटरकडे जाई.

धूळ थेट पंख्यातून जाणारे उभे यंत्र आणि लांब नळीचा व्हॅक्यूम क्लीनर यांची तुलना करताना दोन मापे वेगळी धरावी लागतात. एक म्हणजे दर मिनिटाला वाहणारी हवा आणि दुसरे म्हणजे बंद तोंडाशी पाण्याचा स्तंभ किती इंच वर चढतो ती ओढ. कर्बीसारख्या थेट पंख्याच्या यंत्रात प्रवाह मिनिटाला १०० घनफुटांहून जास्त भरतो, पण ओढ ३० इंचांच्या आसपासच राहते. नळीच्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ओढ त्याच्या दुप्पट-तिप्पट असते आणि प्रवाह बहुधा कमी. गालिच्यावर प्रवाह आणि ब्रश यांची जोडी सरस ठरते, तर फटी, कोपरे आणि गाद्यागिरद्यांसाठी ओढ. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत, एएसटीएम एफ ६०८ मध्ये, गालिच्यात ९ भाग रेती आणि १ भाग टाल्क मिसळून ती किती निघाली हे वजनाने मोजतात. मोटरचे वॅट हा तिथे निकष नसतो आणि म्हणूनच काही शे वॅटचे जुने यंत्र गालिच्यावर तगडी कामगिरी करू शकते.

रोजच्या खडतर वापराची परीक्षा हॉटेले, शाळा आणि कचेऱ्यांत होई. युरेका कंपनीच्या घरगुती रचनेवरून बनलेली ‘सॅनिटेअर’ची लाल यंत्रे अमेरिकेत तिथे वर्षानुवर्षे वापरली गेली. त्यांचे डोके धातूचे, स्क्रू उघडे आणि भाग थोडे. पट्टा तुटला तर सफाई कामगारच काही मिनिटांत नवा चढवी. दुरुस्तीतली ही सहजता हाच त्यांच्या दीर्घायुष्याचा गाभा होता.

१९७० च्या दशकानंतर प्लास्टिकचे प्रमाण वाढत गेले. यंत्र हलके आणि स्वस्त झाले, पण लॅच, बिजागऱ्या आणि चाकांचे आस लवकर मोडू लागले. जाहिरातीत अँपिअरचा आकडा मोठा होत गेला आणि अमेरिकी उभी यंत्रे १२ अँपिअरपर्यंत पोहोचली. लहान, वेगवान मोटरी जास्त तापत आणि त्यांचे कार्बन ब्रश लवकर झिजत. किंमत घटल्याने दुरुस्तीपेक्षा नवे घेणे परवडू लागले. १९९३ साली जेम्स डायसन यांचे ‘डीसी ०१’ ब्रिटनमध्ये आले. हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या या यंत्राने पिशवीच काढून टाकली आणि जुन्या रचनेचे वर्चस्व ओसरले. नॉर्थ कँटनचा हूवरचा मूळ कारखाना २००७ साली बंद झाला.

भारतात उभे यंत्र फारसे रुजले नाही. शहाबादी, कडप्पा किंवा मोझेकच्या फरशीला केरसुणी आणि ओले फडके पुरते. फरशीवर फिरता ब्रश उलट रेती उडवतो. १९८२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या युरेका फोर्ब्सने घरोघरी प्रात्यक्षिके दाखवून जी यंत्रे लोकप्रिय केली, ती नळीची होती.

जुनी यंत्रे वापरताना त्यांची मर्यादा स्पष्ट दिसते ती गाळणीत. कापडी पिशवीच्या विणीतून अतिसूक्ष्म धूळ परत खोलीत येते. हेपा गाळणी आणि घट्ट बसणारे जोड असलेले आजचे यंत्र या बाबतीत निर्विवाद पुढे आहे, आणि दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्या घरात हाच फरक निर्णायक ठरतो. काही यंत्रांना चांगल्या दर्जाच्या कागदी किंवा कृत्रिम धाग्याच्या पिशव्या बसवून ही उणीव बरीच भरून काढता येते. जुन्या वायरीचे रबर कडक होऊन त्याला तडे जातात, म्हणून यंत्र चालू करण्यापूर्वी वायर बदलणे आवश्यक ठरते. पट्टा, ब्रशचे केस, कार्बन ब्रश आणि बेअरिंगचे वंगण यांचीही तपासणी करावी लागते. शिवाय आज दिसतात ती टिकलेली यंत्रे आहेत. त्यांच्याच काळातली कमअस्सल यंत्रे केव्हाच भंगारात गेली, त्यामुळे जुने ते सगळेच मजबूत असा निष्कर्ष काढता येत नाही.

एवढे गृहीत धरून तुलना अशी मांडता येते. अंगाच्या मजबुतीत आणि दुरुस्तीत १९३० ते १९७० च्या दशकांतली धातूची यंत्रे वरचढ आहेत. गालिच्यातली रेती काढण्यात त्यांतली उत्तम यंत्रे आजच्या यंत्रांच्या बरोबरीने उभी राहतात. वजन, नळीची सोय आणि हवेची शुद्धता यांत नवी यंत्रे सरस आहेत. टिकाऊपणासाठी जाड धातू पुरेसा नसतो. कोणता भाग झिजणार हे आधीच ओळखून तो स्वस्तात, घरच्या घरी बदलता येईल अशी आखणी त्या काळच्या कारखान्यांनी केली. ती आखणी प्लास्टिकच्या यंत्रातही करता येते.