घोडे रस्त्यावरून गेले, साखळी राहिली

मुंबई उच्च न्यायालयाच्या व्हिक्टोरिया-निकालाला 2025 च्या जूनमध्ये दहा वर्षं झाली. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं मुंबईत करमणुकीसाठी घोडागाड्या फिरवणं बेकायदा ठरवलं आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. पण तो आनंद टिकला नाही. भिवंडीच्या कामतघरात वऱ्हाळदेवीच्या तलावाच्या अंगानं एक वरात निघाली होती. पुढं पांढरा घोडा, आवाजाच्या भिंतीसमोर उभा. त्याच्या तोंडावर करंगळीएवढ्या पट्टीचा चकचकीत हॉल्टर, म्हणजे शोची मोरकी, होता आणि नाकाच्या हाडावरून साखळी ओढून घेतलेली होती. मालकाला विचारलं, तर तो अभिमानानं म्हणाला, "अरबी शोचा आहे, परदेशी डिझाइन." घोडा अरबी नव्हताच. पण अरबी दिसावा म्हणून जे करायचं ते त्याच्या तोंडावर करून झालं होतं.

कायद्यानं घोडा रस्त्यावरून उठवला. त्याच्या तोंडावर काय बांधलं जातं, इकडे मात्र कुणी पाहिलं नाही. त्या दहा वर्षांचा हिशेब मला मांडायचा आहे.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात बसरा, कुवेत, बहारीनकडून अरबी घोडे जहाजांनी मुंबईत उतरत. फौजेचे अधिकारी आणि शर्यतीचे शौकीन ते विकत घेत. ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांनी 1877 मध्ये मुंबईतल्या अब्दुल रहमान नावाच्या व्यापाऱ्याकडून वोनोलेल हा पांढरा अरबी घोडा घेतला. तो पुढं वीसहून अधिक वर्षं त्यांच्याजवळ राहिला, 1899 मध्ये गेला आणि डब्लिनला पुरला गेला. 1883 मध्ये महालक्ष्मीचं मैदान झालं, अरबी घोड्यांच्या शर्यती झाल्या आणि पुढं थरोब्रेडनं त्यांना मागं टाकलं. साहेबांच्या, संस्थानिकांच्या आणि पैजांच्या या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मला त्यांत फारसा रस नाही. जनावर सांभाळणारा मोतद्दार त्यात कुठंच दिसत नाही.

मला दिसला तो कल्याण स्टेशनाबाहेरच्या टांग्यांचा काळ. ते घोडे सुखात होते असं मी म्हणणार नाही. ओझं जास्त, चंदी कमी, खांद्याला घट्टे. पण तबेल्यात परतल्यावर लगाम निघायचा आणि घोड्याच्या तोंडावर सुती मोरकी चढायची. खाटेच्या नवारीतून कापलेली, तीन-चार बोटं रुंद, कानामागं कापडाची घडी घातलेली. चामड्याची हवी असेल तर मोच्याकडे घोडा घेऊन जायचं. तो दोरीनं तीन मापं घ्यायचा: कानामागून गालापर्यंत, नाकाभोवती आणि गळ्याखालून. कडी कुठं येणार ते बोटानं चाचपून बघायचा. गालाच्या उंचवट्यावर कडी आली, तर पट्टा उसवून पुन्हा शिवायचा. गालावरून चेहऱ्याची नस जाते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पशुवैद्यकाच्या पुस्तकात मात्र ते आहे: घट्ट हॉल्टरची कडी त्या नसेवर बराच वेळ दाबून राहिली, तर घोड्याचा ओठ एका बाजूला लोंबू शकतो. तो मोची आता नाही. त्याच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. भिवंडीच्या बाजारात त्याच्यासारखा माप घेणारा कारागीर मला पुन्हा भेटला नाही, याचं दुःख आजही आहे.

आता ते दशक. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. पाठोपाठ व्हिक्टोरियाचा निकाल आला. आमच्या ठाणे जिल्ह्यात त्या दोन वर्षांत नाक्यानाक्यावर याच गप्पा होत्या. प्राण्यांच्या वेदनेवर इतकं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, आता तरी जनावराकडे जवळून पाहिलं जाईल. तसं झालं नाही. वाद 'परंपरा' विरुद्ध 'बंदी' असा पेटला आणि दोन्ही बाजूंनी जनावर लांबूनच पाहिलं. 2021 च्या डिसेंबरात शर्यती सशर्त परतल्या, मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2021 मध्येच मुंबईत विजेच्या व्हिक्टोरिया धावू लागल्या. जिंकलेले नाचले, हरलेले हळहळले. दरम्यान रस्त्यावरून उठलेले घोडे लग्नांकडे वळले. कल्याण-भिवंडी पट्ट्यात हळद-वरातींना तोटा नाही.

त्या काळात काटेरी लगामांविरुद्ध मोठं काम झालं, ते मान्य करायलाच हवं. पेटा इंडियासारख्या संस्थांनी अनेक शहरांत घोड्यांच्या तोंडातून खिळ्यांचे लगाम काढून जप्त करवले. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. त्यांतला आठवा नियम काटे, गाठी किंवा टोकं असलेली, इजा किंवा तीव्र वेदना देणारी साधनं स्पष्ट मना करतो. पण तोंडाबाहेरची साखळी कुणाच्या नजरेत आली नाही. मी एका अधिकाऱ्याला ती दाखवली होती. तो म्हणाला, "रक्त कुठंय?" नाकाच्या हाडावरच्या दाबानं रक्त येत नाही, सूज येते, आणि सुजेचा पंचनामा होत नाही. शिवाय 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. वरातीच्या घोड्याचं एका संध्याकाळचं भाडं हजारांत असतं. त्या दंडाला कोण भिणार?

याच दशकात सारंगखेडा बदललं. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि राज्यातला सर्वांत मोठा घोडेबाजार तिथं लागतो. चेतक फेस्टिव्हल सुरू झाला, तंबू आले, कॅमेरे आले, घोड्यांच्या सौंदर्यस्पर्धा रंगल्या. मी जात राहिलो. पूर्वी गिऱ्हाईक देवमण बघायचं, भोवरे मोजायचं, खूर उचलायचं, मग चाल पाहायचं. नंतर गिऱ्हाईक फोन पुढं धरू लागलं. फोनमध्ये आखातातल्या आणि युरोपातल्या अरबी घोड्यांचे व्हिडिओ होते: मान ताणलेली, नाकपुड्या फुललेल्या, डोळे विस्फारलेले. "असा उभा करून दाखवा," अशी फर्माइश होऊ लागली. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांना अरबी घोड्यासारखं उभं करायचं, तर हातात काहीतरी हवं. ते साखळीच्या रूपानं आलं.

अरबी घोड्याच्या हाताळणी-प्रदर्शनात खोगीर नसतं, स्वार नसतो. घोडा एका माणसाच्या हातात असतो आणि मधे असतो फक्त हॉल्टर. युरोपातल्या स्पर्धांत ठेवण, डोकं आणि मान, धड आणि पाठीची रेषा, पाय आणि चाल अशा पाच बाबींना प्रत्येकी 20 पर्यंत गुण देतात. घोडा शांत आहे का, माणसावर त्याचा विश्वास आहे का, याला गुण नाहीत. म्हणून काही हाताळणारे घरी साखळीला हिसके देऊन घोडा तयार करतात. रिंगणात नुसता हात वर गेला, की तो डोकं उचलतो आणि डोळे ताणतो. जज त्याला तेज म्हणतात. माझं त्यांच्याशी भांडण इथंच आहे. ते तेज नाही, पुढच्या हिसक्याची वाट पाहणं आहे. इकडच्या एका स्पर्धेत मी एका परीक्षकांना हे बोललो, तेव्हा त्यांनी मला "तुम्हाला शोचं कळत नाही" असं सुनावलं. घोड्याचे कान मागं पडलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, एवढं कळायला शो कळावा लागत नाही.

अरबी डोक्याला तर हा जाच आणखी जड जातो. त्याचं कपाळ फुगीर, नाकाची रेषा मधे खोलगट, कातडी इतकी पातळ की शिरा दिसतात. मारवाडीच्या सरळ चेहऱ्यावर बसणारी पट्टी अरबीवर त्या खोलगट भागातून घसरून खाली येते. खाली नाकाचं हाड निमुळतं होत संपतं आणि पुढं फक्त कूर्चा असते. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, नाक हाच त्याचा एक रस्ता. तिथं पट्टी घट्ट बसली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून नाकपट्टी गालाच्या हाडाच्या कंगोऱ्याखाली साधारण दोन बोटांवर असावी आणि तिच्याखालून दोन बोटं सहज फिरावीत. पट्टी रुंद, मऊ चामड्याची, कडा मुडपून शिवलेली. कानामागं अस्तर. कड्या गालाच्या उंचवट्यापासून दूर. साखळी नाकावरून कधीच नको. हनुवटीखाली जबड्याची कड धारदार आणि कातडी पातळ असते, त्यामुळं तिथंही मऊ पट्टाच घालावा. नवख्या घोड्याला साखळी मुळीच लावू नये. आणि हात ढिला पडला की दाब आपोआप सुटलाच पाहिजे. जो हॉल्टर ओढल्यावर आवळतो आणि सोडल्यावर सैल होत नाही, तो कितीही देखणा असला तरी परत करावा.

घोडा हॉल्टरनं बांधून ठेवायचा असेल, तर तो चामड्याचा किंवा सुती हवा. घोडा दचकून मागं ओढू लागला, तर चामडं तुटतं आणि मान वाचते. नायलॉन तुटत नाही, शिवाय घासून कातडी भाजल्यासारखी होते. शोचा हॉल्टर रिंगणातून बाहेर येताच काढावा. तो घालून घोडा टेम्पोत चढवणं हा गुन्हा मानला पाहिजे. वरातीत तर तो दिसताच कामा नये. तिथं घोडा मुळातच घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या जनावराच्या नाकावर लोखंड बांधणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड नव्हे, जनावराचा सरळ छळ आहे.

2020 हे वर्ष या दशकात सर्वांत वाईट गेलं. लग्नं बंद, यात्रा बंद, सारंगखेडाही बंद. घोड्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तेव्हा आमच्या भागातल्या काही पोरांनी घरोघर फिरून कडबा आणि हरभरा गोळा केला. ती पोरं मला आजही भेटतात, त्यांचं ऋण मी मानतो. त्या दिवसांत कुणाच्याही घोड्याच्या तोंडावर साखळी नव्हती, कारण दाखवायचं कुणालाच नव्हतं. घोडे तबेल्यात नवारीच्या मोरक्यांत उभे होते आणि त्यांच्या नाकाजवळ हात नेला तरी मागं हटत नव्हते. मग बाजार उघडला आणि जुन्यापेक्षा जास्त हौस घेऊन परतला. मागणी ऑनलाइन नोंदवली जाऊ लागली. भिवंडीभोवतीच्या गोदामांच्या जंगलातून रोज लाखो खोकी निघतात. त्यांतल्या एखाद्यात शोचा हॉल्टरही असतो. घोड्याचं माप विचारत नाहीत. लहान, मध्यम, मोठा, एवढंच.

बाहेरच्या जगात या काळात थोडं चांगलंही घडलं. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानं जुलै 2021 पासून आपल्या स्पर्धांत तोंडावरचे स्पर्शाचे केस कापलेल्या घोड्यांना मज्जाव केला. घोडा अंधारात आणि नाकाजवळ त्या केसांनी चाचपतो, म्हणून. म्हणजे सुंदर दिसण्याच्या नावाखाली चाललेली एक जुनी रीत नियमानं थांबली आणि स्पर्धा ओस पडल्या नाहीत. आपल्याकडे 2024 मध्ये भीमथडी घोड्याला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. दख्खनच्या या घोड्यात अरबी रक्त आहे. त्याचा अभिमान मलाही आहे. पण जातीचा अभिमान वाटणाऱ्यानं त्या जातीच्या डोक्याची काळजी घेतली नाही, तर तो अभिमान फोटोपुरता.

म्हणून मागणं एवढंच आहे आणि ते अवघड नाही. सारंगखेडा, माळेगाव आणि जिथं जिथं घोडे दाखवले जातात, तिथं रिंगणाच्या दारात प्रत्येक हॉल्टर तपासावा. नाकपट्टीखाली दोन बोटं जात नसतील, नाकावर साखळी असेल, तर घोडा आत सोडू नये. गुणपत्रिकेत शांतपणाला रकाना हवा. वरातीच्या घोड्यासाठी पालिकेनं हीच अट घालावी. सरकारनं 1960 च्या दंडाचा आकडा बदलावा. आणि घोडा विकत घेणाऱ्यानं हॉल्टर घ्यायच्या आधी दोरी घेऊन आपल्या जनावराच्या डोक्याची तीन मापं स्वतः घ्यावीत. मोची राहिला नाही, पण माप घेणं अजून कुणीही शिकू शकतं.