विमानात प्रथम प्रवेश कोणाला?

पनवेल तालुक्यात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय करण्याची त्याची क्षमता आहे. रायगड जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतील वृद्ध मातापिता आता प्रथमच विमानाची पायरी चढतील. अशा वेळी, प्रत्येकाचे आसन ठरलेले असताना आधी आत कोणी जावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

देशांतर्गत मार्गांवरील बहुतेक जेट विमानांत मधोमध एकच अरुंद वाट असते. एखादा प्रवासी सामान वरच्या कप्प्यात ठेवू लागला की मागची सारी रांग थांबते. नेहमीची व्हीलचेअर या वाटेतून जात नाही. प्रवाशाला खास अरुंद खुर्चीवर बसवून आसनापर्यंत न्यावे लागते. हे काम गर्दीत घाईने केल्यास इजा होण्याचा संभव असतो. म्हणूनच साहाय्याची गरज असलेल्यांना आधी आत घेण्याची आणि सर्वांत शेवटी उतरविण्याची प्रथा आहे. तान्ह्या मुलांसह प्रवास करणाऱ्यांनाही अनेक कंपन्या ही सवलत देतात.

यात उपकाराची भावना नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाहतुकीच्या सोयी दिव्यांगांना सुगम करून देणे हे कर्तव्य ठरले आहे. मे २०२२ मध्ये रांची येथे एका दिव्यांग मुलाला विमानात प्रवेश नाकारण्यात आला. त्यानंतर जुलैमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियमात दुरुस्ती केली. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून आता प्रवेश नाकारता येत नाही. प्रकृतीविषयी शंका असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे कंपनीवर बंधनकारक आहे.

नियम असूनही व्यवस्था अपुरी पडली तर काय होते, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर दिसले. वृद्ध दांपत्याला एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नी तीत बसली आणि ८० वर्षांचे पती सोबत चालत निघाले. वाटेत ते कोसळले व त्यांचा मृत्यू झाला. संबंधित कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला.

आज जादा पैसे भरूनही आधी प्रवेश मिळतो. ती विकत घेतलेली सोय आहे. तिला गरजेच्या पुढे स्थान असू नये. एस. टी. मध्ये दिव्यांगांची राखीव आसने प्रवाशांनी मान्य केली, ती प्रतिष्ठा पाहून नव्हे, तर निकड ओळखून. तोच न्याय येथे लागू होतो. त्याचबरोबर, गरज नसताना केवळ रांग चुकविण्यासाठी व्हीलचेअर मागणारा प्रवासी दुसऱ्या एखाद्या वृद्धाची खुर्ची अडवून ठेवतो, याचेही भान हवे.

ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांनी गावातील प्रवाशांना काही गोष्टी अवश्य सांगाव्यात. साहाय्याची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास अगोदर नोंदवावी. दांपत्यापैकी दोघांनाही गरज असल्यास दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. विमानतळावर पुरेसा वेळ राखून पोहोचावे. आणि धडधाकट प्रवाशाने आपली पाळी येईपर्यंत थांबावे; सर्वांचे विमान एकाच वेळी सुटते.