फोटोखाली नाव हवे

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि सारा डोंगर गुलालाने गुलाबी होतो. तो गुलाल कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळून फोटोग्राफर गर्दीत तासन्‌तास उभे असतात. असाच एक फोटो आम्ही दाखल्याच्या रांगेत असताना एका सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर पाहिला. रांगेतले सगळेच पाहत होते; काढणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. इथल्याच माणसाच्या कामाला भिंत मिळाली, हे चांगलेच. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी 'हे काम माझे' म्हणण्याचा अधिकार फोटोग्राफरकडेच राहतो. नावाच्या पट्टीला खर्च तो किती? आमच्या वर्गात तर पाचवीची मुलेही चित्राखाली नाव लिहिल्याशिवाय कागद देत नाहीत.