काळोखातली छायाचित्रे : एकाचा कॅमेरा, अनेकांचा उजेड

अजिंठ्याच्या लेण्यांना पूर्वीच्या काळी ज्यांनी भेट दिली असेल त्यांच्या स्मरणात तेथील उजेडाची ती साधीसुधी व्यवस्था अद्याप असेल. लेण्याच्या दाराबाहेर उन्हात एक माणूस आरसा किंवा चकचकीत पत्रा घेऊन उभा असे आणि सूर्याची एक तिरीप अचूक आत टाकी; आतला दुसरा माणूस पांढरे कापड ताणून ती तिरीप झेली आणि भिंतीकडे वळवी; आणि मग पद्मपाणीच्या मुखावरील तो मिटल्यासारखा, करुणेने भारलेला भाव क्षणभर आपल्यापुढे उजळून निघे. चितारी कोण होता हे कोणास ठाऊक नाही, आणि तो उजेड धरणारा कोण हे विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही. परंतु त्याच्यावाचून ते चित्र आपल्यापुरते अस्तित्वातच आले नसते. मानवाने कोरलेल्या लेण्याला निदान दार असते आणि दाराशी ऊन असते. निसर्गाने पाण्याच्या हातून कोरलेल्या ज्या गुहा डोंगराच्या पोटात कोसकोस पसरलेल्या आहेत, त्यांत सूर्याचा अंमल मुळीच चालत नाही. आणि म्हणूनच तेथील छायाचित्रण ही विद्या, कॅमेरा कोणाच्याही हाती असला तरी, उजेड धरणाऱ्यांची विद्या आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

जमिनीवरील छायाचित्रकाराला उजेड आयता मिळतो. तो सकाळची वाट पाहील, ढग सरकण्याची वाट पाहील, सावलीचा कल पाहून दोन पावले डावीउजवीकडे सरकेल; परंतु प्रकाश निर्माण करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. अमावास्येच्या रात्रीसुद्धा उघड्या माळावर ताऱ्यांचा काही ना काही उजेड असतोच. गुहेत पहिली दोन वळणे ओलांडली आणि डोक्यावरचे दिवे मालवले, की डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसत नाही, आणि कितीही वेळ थांबले तरी डोळे त्या काळोखाला सरावत नाहीत, कारण सरावण्याजोगा प्रकाशाचा कणही तेथे नसतो. कॅमेऱ्याचे शटर अशा ठिकाणी तासभर उघडे ठेवले तरी चित्र काळे ते काळेच राहते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की गुहेच्या छायाचित्रात जो प्रकाश दिसतो त्याचा किरण अन् किरण कोणीतरी पाठीवर वाहून आत आणलेला, कोणीतरी एका जागी उभे राहून धरलेला आणि कोणीतरी विचारपूर्वक एका दिशेस सोडलेला असतो.

या कलेचा इतिहास पाहिला तर त्यातही हेच दिसते. पॅरिस शहराच्या पोटात जुन्या दगडखाणींचे बोगदे आहेत आणि शहरातील भरून गेलेल्या दफनभूमी उठवून लक्षावधी मृतांच्या अस्थी तेथे रचून ठेवलेल्या आहेत. १८६१च्या सुमारास नादार या नावाने विख्यात असलेला फ्रेंच छायाचित्रकार – त्याचे मूळ नाव गास्पार-फेलिक्स तुर्नाशों – आपला सर्व सरंजाम घेऊन या भुयारांत उतरला. बुन्सेन घटांच्या अवजड विद्युतमाला वरच रस्त्यावर ठेवून त्यांच्या तारा झरोक्यांतून खाली सोडल्या जात आणि तळाशी आर्क-दीप पेटे. एवढा खटाटोप करूनही त्या काळच्या मंद रसायनांमुळे एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत. इतका वेळ निश्चल राहणे जिवंत माणसाला शक्य नव्हते, म्हणून नादारने कामकऱ्यांचा पोशाख चढवलेले पुतळे अस्थींच्या राशींपाशी उभे केले. चित्रात माणसाची आकृती असल्याखेरीज भुयाराच्या आकाराचा अंदाज पाहणाऱ्यास येत नाही, हे त्या पहिल्याच प्रयोगात त्याने ओळखले होते.

पुढे मॅग्नेशियमची तार आली. तिच्या शुभ्र, प्रखर ज्वाळेने विद्युतमालांचे ओझे वाचवले. १८६५ साली मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्सने डर्बीशायरमधील ब्लू जॉन खाणीच्या गुहेत तिचा उपयोग केला आणि १८६६ साली सिनसिनाटीच्या चार्ल्स वाल्डॅकने केंटकीतील मॅमथ गुहेत त्याहून मोठे धाडस करून त्रिमितीचा भास देणाऱ्या ४२ जोडचित्रांची मालिका सिद्ध केली. त्या काळी काचेची पट्टी रसायनाने लेपून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगोलग धुवावेही लागे. म्हणजे अख्खी अंधारखोली बरोबर नेणे भाग होते. त्यातच मॅग्नेशियम जळताना पांढऱ्या धुराचे लोट उठत, आणि गुहेत हवा खेळत नसल्यामुळे तो धूर तासन् तास तेथेच तरंगत राही. एक चित्र फसले की त्या दालनातील त्या दिवसाचे काम संपले. अशा कामात साहाय्यकाच्या हाताचा कंप किती महाग पडत असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

फ्लॅशबल्ब आल्यानंतर धूर गेला, तथापि माणसांची गरज कमी न होता वाढली. न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाड गुहेत ‘बिग रूम’ या नावाचे जे अतिविशाल दालन आहे, त्याचे एकच चित्र घेण्यासाठी टेक्स हेल्म या छायाचित्रकाराने १९५२ साली एका क्षणात २,४०० फ्लॅशबल्ब उडवले. तो क्षण संपला तेव्हा हेल्मच्या हाती एक छायाचित्र होते. परंतु ते बल्ब काही आपल्या पायांनी शिळांमागे जाऊन बसले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात लेणी विपुल आणि नैसर्गिक गुहा विरळ, असे का, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. गुहा खोदणारा खरा कारागीर म्हणजे किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी. हवेतला आणि मातीतला कर्बवायू विरघळवून ते खडकाच्या भेगांत शिरते आणि चुनखडीला हजारो वर्षे विरघळवत राहते. आपला दख्खनचा काळा बसाल्ट असा विरघळत नाही. त्यात दालन हवे असेल तर छिन्नी-हातोडाच चालवावा लागतो. म्हणून या छंदाच्या मराठी मंडळींना मेघालयाची वाट धरावी लागते. तेथे चुनखडीचे थर आहेत आणि चेरापुंजीच्या परिसरात वर्षाकाठी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मग पाण्याने त्या डोंगरांची चाळण केली असल्यास नवल नाही. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लियात प्राह ही गुहा मोजली गेली आहे तेवढीच ३० किलोमीटरहून लांब आहे. मौसिनरामजवळची क्रेम पुरी ही तर चुनखडीऐवजी वालुकाश्मात घडलेली असूनही २४ किलोमीटरहून अधिक लांब भरली आणि वालुकाश्मातील गुहांत जगात अग्रस्थानी गणली गेली. १९९२ पासून मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन ही शिलाँगची संस्था आणि तिचे परदेशी सहकारी हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांत या गुहांची मोजणी करीत आले आहेत. पावसाळ्यात तेथे पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी गाठ. जो मार्ग माघात गुडघाभर पाण्याचा असतो तो आषाढात छतापर्यंत भरतो.

अशा गुहेत चार मित्र छायाचित्रासाठी उतरतात तेव्हा तेथे काय घडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. कॅमेरा आणि फ्लॅश गच्च झाकणाच्या, पाणी न शिरणाऱ्या पेट्यांत घालून, कधी खांद्यावर तर कधी पोटाखालून ढकलत आत न्यावे लागतात. जागेवर पोहोचताच पेटी उघडण्याची घाई करून चालत नाही. आतल्या हवेत आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के असते, आणि थंड भिंगावर ती तत्काळ धुक्यासारखी बसते. म्हणून उपकरणाला आतल्या उष्णतामानाशी जुळवून घेण्यास अवसर द्यावा लागतो. तेवढ्या वेळात एका कोरड्या शिळेवर चिखलाचे हातमोजे काढले जातात, आणि ज्याचे हात सर्वांत स्वच्छ राहिले असतील त्याच्याकडे भिंग पुसण्याचे काम आपोआप जाते. भिंगासाठी मऊ कापडाची घडी टोपीच्या आत, डोक्याशी ठेवायची असते. भिजलेल्या माणसाच्या अंगावर कोरडी राहणारी तेवढी एकच जागा.

मग उजेडाची तजवीज सुरू होते. नवशिक्याला वाटते की कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश उडवला म्हणजे काम झाले. तसे केल्यास दोन आपत्ती ओढवतात. एक, समोरून पडलेल्या उजेडाने सर्व सावल्या पुसल्या जातात आणि भव्य दालन एखाद्या चुना फासलेल्या भिंतीसारखे सपाट दिसते. दुसरी, चालून दमलेल्या माणसांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ भिंगासमोर उजळून सगळे चित्र पांढुरक्या ठिपक्यांनी भरून जाते. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर न्यायचा, आणि शक्य तर विषयाच्या मागे. एक मित्र लवणस्तंभाआड उकिडवा बसतो आणि उजेड कॅमेऱ्याच्या दिशेने सोडतो. त्याबरोबर तो स्तंभ, जो क्षणापूर्वी मातकट दगड होता, आतून पेटल्यासारखा पिवळसर, पारदर्शक होतो आणि त्याच्या कडेला ओथंबलेला पाण्याचा थेंबदेखील वेगळा दिसू लागतो. दुसरा मित्र चित्रात उभा राहतो. त्याचा पोशाख लाल किंवा पिवळा असावा, कारण चिखलाच्या रंगाचा माणूस चिखलातच हरवतो. शटर उडेपर्यंत सर्वांनी श्वास रोखायचा.

यातील गणित कठोर आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावर पडणारा उजेड चौथाई होतो. पाच मीटरवर जो फ्लॅश पुरेसा ठरला तो दहा मीटरवर चतुर्थांश कामाचा. शिवाय ओली चुनखडी उजेड परतवते, तर चिखलाने माखलेली भिंत तो गिळून टाकते. म्हणून मोठ्या दालनासाठी एक जुनी आणि माझ्या मते आजही सर्वांत सुंदर रीत आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, सर्वांनी दिवे मालवायचे, शटर उघडे ठेवायचे आणि ठरलेल्या क्रमाने एकेकाने आपापल्या कोपऱ्यातून फ्लॅश उडवायचा. पाण्याच्या खळखळाटात शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून शिट्ट्यांची खूण मुक्रर केलेली असते. एक शिट्टी – डावी कमान. दोन शिट्ट्या – मागचे विवर. काळोखात प्रत्येकाला फक्त आपला उजेड दिसतो. सगळ्यांचा मिळून कोणता आकार झाला हे शटर मिटल्यावरच कळते. रेडिओलहरींनी फ्लॅश उडवणारी यंत्रे आता स्वस्त झाली आहेत, परंतु खडकाच्या वळणापलीकडे त्या लहरी बहुधा पोहोचत नाहीत, आणि अखेर मनुष्यालाच तेथे जाऊन बसावे लागते.

कल्पकतेचा मोठा वाटाही येथूनच येतो. कॅमेऱ्यामागचा मनुष्य तिपाईशी खिळलेला असतो. दालनात हिंडणारा, शिळांवर चढणारा, पाण्यात उतरणारा मित्र त्याच्याहून अधिक पाहतो. जैंतियातील एका भूमिगत प्रवाहाशी आम्ही सारे भिंती उजळण्याच्या खटपटीत असता, आमच्यातील एकाने कोणाला न विचारता आपला जलरोधक दिवा सरळ डोहात बुडवला. पाणी तळापासून हिरवे उजळले, वरचे छत त्याच्या कंपनाने हलू लागले, आणि आम्ही भिंतींचा नाद सोडून दिला. त्या चित्राचा कर्ता मी म्हणवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

व्हिएतनाममधील सोन डुंग गुहेची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे अधिक पटेल. ती गुहा स्थानिक रहिवासी हो खान याने प्रथम हेरली आणि २००९ साली त्यानेच ब्रिटिश गुहासंशोधकांना तेथवर नेले. कार्स्टन पीटर या जर्मन छायाचित्रकाराने घेतलेली तेथील चित्रे जानेवारी २०११च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आली आणि जगभर गाजली. काही ठिकाणी २०० मीटर उंच असलेल्या त्या विवरात एखादी मुंगीएवढी मानवी आकृती हाती दिवा घेऊन उभी दिसते. तेथपर्यंत चढून जाऊन शिट्टीची वाट पाहत उभा राहिलेला तो एक जिवंत सहकारी आहे आणि चित्राची सारी भव्यता त्याच्यावर तोललेली आहे.

या छंदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या अंशानेच वाढतात, आणि बोटांची चिकटी लागली की तेथील वाढ खुंटू शकते, डाग तर कायमचा राहतो. क्रेम मौम्लुह या गुहेतील एका लवणस्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाची नोंद सापडली आणि तिच्या आधारे २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी कालगणनेतील वर्तमान पर्वाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. म्हणजे हे स्तंभ पृथ्वीच्या पर्जन्यमानाचे दप्तर आहेत. चांगल्या कोनासाठी त्यावर पाय देणाऱ्याने ते दप्तर फाडले असे समजावे. वटवाघळांच्या वसाहतीवर एकामागून एक फ्लॅश उडवणे हे क्रौर्य आहे. आणि स्थानिक वाटाड्यावाचून, तसेच परतण्याची वेळ बाहेर कोणाला सांगून ठेवल्यावाचून, कोणीही आत जाऊ नये.

एक विनंती संपादकांना आणि अशी चित्रे प्रदर्शनांत मांडणाऱ्यांनाही आहे. गुहेतील छायाचित्राखाली आज एकच नाव छापले जाते. नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजनाकाराचे नाव असते. येथे तर सारा प्रकाशच मित्रांनी वाहून आणलेला असतो. तेव्हा ज्याने शटर दाबले त्याच्या नावाशेजारी, ज्यांनी दिवे धरले, जो चित्रात उभा राहिला आणि ज्या वाटाड्याने आत नेऊन सुखरूप बाहेर आणले, त्या सर्वांची नावे छापावीत. जागा अपुरी पडत असेल तर चित्र बोटभर लहान करावे.