आशियाई चषकाचे दार आणि उपनगरांतील मैदाने

गोव्यातील फातोर्डा स्टेडियमवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताचा २-१ असा पराभव केला आणि २०२७ साली सौदी अरेबियात भरणाऱ्या आशियाई चषक स्पर्धेचे दार भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला बंद झाले. छांगटेच्या गोलामुळे मिळालेली आघाडी मध्यंतरापर्यंतही टिकली नाही. बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर या तीन प्रतिस्पर्ध्यांच्या गटात तोवर झालेल्या चार सामन्यांत भारताला एकही विजय मिळवता आला नव्हता. पराभवानंतर जे नेहमी होते तेच झाले. कोणी प्रशिक्षकाला दोष दिला, कोणी खेळाडूंच्या दमसासाला, कोणी महासंघाच्या कारभाराला. प्रशिक्षक खालिद जमील यांची नेमणूक होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते, हे ध्यानात घेण्याची उसंत फारशी कोणाला नव्हती.

या घटनेतील विसंगती अधिक बोलकी आहे. याच २०२७ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळावे म्हणून भारत शेवटच्या दोन दावेदारांपैकी एक होता. डिसेंबर २०२२ मध्ये आपण माघार घेतली, आणि मोठ्या स्पर्धा भरविण्यापेक्षा खेळाचा पाया घालण्यास प्राधान्य द्यावयाचे, असे कारण महासंघाने त्या वेळी दिले. कारण योग्यच होते. परंतु ज्या मांडवाचे यजमान होण्याची आपली उमेद होती, त्या मांडवात पाहुणे म्हणूनही आपल्याला शिरता आले नाही. तेव्हा पाया म्हणजे नेमके काय आणि तो कोठे घालावयाचा, हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

सोळा सामन्यांचा हिशेब

प्रथम इतिहासाचा ताळेबंद मांडू. आशियाई चषकात भारतीय पुरुष संघ आजवर पाच वेळा खेळला. १९६४ साली इस्रायलमध्ये आपण उपविजेते ठरलो. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवले. इस्रायलकडून ०-२ अशी हार पत्करली. १९८४ मध्ये सिंगापूरला चार सामन्यांत एकही गोल करता आला नाही, मात्र बलाढ्य इराणला गोलशून्य बरोबरीत रोखले. २०११ मध्ये कतारला तिन्ही सामने गमावले आणि तेरा गोल स्वीकारले. २०१९ मध्ये अमिरातीत थायलंडवर ४-१ असा देखणा विजय मिळवला, पण बहारीनविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीने बाद फेरी हुकली. २०२३ ची स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये कतारला झाली. तेथे ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांनीही आपल्याला हरवले आणि आपल्या खात्यात एकही गोल जमा झाला नाही.

एकूण सोळा सामने, तीन विजय, एक बरोबरी, बारा पराभव. केलेले गोल बारा, स्वीकारलेले तेहतीस.

या हिशेबातील १९६४ चे उपविजेतेपद आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. मात्र त्या स्पर्धेत अवघे चार संघ होते. अनेक देशांनी माघार घेतल्याने आपला मार्ग सुकर झाला होता. त्या काळातील आपले खरे वैभव अन्यत्र आहे. १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक आपण जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्या ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविताना तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचा खेळाडू होता, हे आजच्या मुंबईकर विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

त्यानंतर आपण खाली घसरलो, असे सर्रास म्हटले जाते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही निरपेक्ष घसरण फारशी नाही. ती सापेक्ष आहे. आपण होतो तेथेच रेंगाळलो आणि शेजारी पुढे गेले. दक्षिण कोरियाने १९८३ मध्ये आणि जपानने १९९३ मध्ये व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू केल्या. १९९१ मध्ये स्वतंत्र झालेला, पावणेचार कोटींच्या आसपास लोकसंख्येचा उझबेकिस्तान आणि सव्वा कोटीही लोकवस्ती नसलेला जॉर्डन, हे दोन्ही देश जून २०२५ मध्ये विश्वचषकासाठी प्रथमच पात्र ठरले. या अवधीत आशियाई चषकाचे दार अरुंद झाले असेही नाही. १९६४ मध्ये चार, १९८४ मध्ये दहा, २००४ पासून सोळा आणि २०१९ पासून चोवीस संघांना प्रवेश मिळू लागला. दार सहापट रुंद झाले, आणि तरीही आपण बाहेर राहिलो.

नोकरीचा आधार तुटला

याची कारणमीमांसा करताना मुंबईचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजवर ती पाहण्यासाठी गिरणगावापासून उपनगरांपर्यंतचे लोक जात. त्या काळी मुंबईच्या फुटबॉलचा कणा होते ते आस्थापनांचे संघ: टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडू सकाळी सराव करी आणि दुपारी कचेरीत किंवा गिरणीत कामावर जाई. पगार बेताचा असे, पण तो निश्चित असे. पाय मोडला तरी चूल विझत नसे.

अर्थशास्त्रात ज्याला जोखमीचा विमा म्हणतात, तो हाच. फुटबॉलपटूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची आणि यशाची शक्यता शंभरात एकाचीही नाही. अशा व्यवसायात मध्यमवर्गीय किंवा कामगार कुटुंबाने आपला मुलगा का घालावा? नोकरीची हमी हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. गिरण्या गेल्या, कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली. रोव्हर्स चषकही २००० च्या सुमारास थांबला. २००६ मध्ये राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बरखास्त करण्यात आला.

त्या जागी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिने प्रकाशझोत आणला, परदेशी प्रशिक्षक आणले, मोजक्या खेळाडूंना पूर्वी स्वप्नातही न दिसलेले मानधन दिले. या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एकाच व्यापारी कराराच्या खांबावर उभारलेली इमारत किती डळमळीत असते, ते २०२५ मध्ये दिसले. करार डिसेंबरात संपणार म्हणून जुलैतच नवा हंगाम स्थगित झाला; व्यापारी हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही; वर्ष सरता सरता मुंबई सिटी संघातील आपला हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपने सोडून दिला. पात्रता फेरीचे निर्णायक सामने चालू असताना देशातील बहुतेक प्रमुख खेळाडूंना आपला पुढला सामना केव्हा आणि पगार कोठून, हेच ठाऊक नव्हते. अशा स्थितीत विजयाची अपेक्षा बाळगणे म्हणजे पेरणी न करता सुगीची वाट पाहणे होय.

अंधेरीचे दोन दिवस

प्रेक्षक नाहीत म्हणून फुटबॉल नाही, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याची परीक्षा आपल्या अंधेरीतच झाली आहे. शहाजीराजे क्रीडासंकुलाच्या मैदानावर सप्टेंबर २०१६ मध्ये भारताने पोर्तो रिकोला ४-१ असे हरवले, तेव्हा मुंबईत सहा दशकांनंतर राष्ट्रीय संघाचा आंतरराष्ट्रीय सामना होत होता. जून २०१८ मध्ये त्याच मैदानावर चिनी तैपेईवर ५-० असा विजय मिळाला, तेव्हा प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने, टीका करायला का होईना पण मैदानावर या, असे आर्जव केले. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात, एकही खुर्ची रिकामी नव्हती.

मागणी सुप्तावस्थेत का होईना अस्तित्वात आहे, हे यावरून सिद्ध होते. अडचण पुरवठ्याची आहे, आणि पुरवठा म्हणजे प्रेक्षागार नव्हे. पुरवठा म्हणजे खेळाडू. महिलांच्या आशियाई चषकाने हाच धडा दिला. जानेवारी २०२२ मध्ये ही स्पर्धा अंधेरी, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. यजमान भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली आणि पुढल्या सामन्याआधी कोविडची लागण झाल्याने संघाला आवश्यक तेवढे खेळाडूही उभे करता आले नाहीत. भारत स्पर्धेबाहेर गेला. आपल्या अंगणातील लग्नात आपणच उपाशी राहिलो. पण ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दोन वेळा उपविजेतेपद मिळविलेल्या या संघाने ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून २०२६ च्या स्पर्धेत प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुरुषांच्या तुलनेत पैसा आणि प्रसिद्धी कितीतरी कमी असूनही महिलांनी दार ढकलून उघडले, याची नोंद आपल्या अग्रक्रमांच्या याद्या करणाऱ्यांनी घ्यावी.

माणसे इकडे, मैदाने तिकडे

आता मुळाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. त्यांपैकी ९३ लाखांहून अधिक लोक उपनगर जिल्ह्यात राहत होते. म्हणजे चारांतील तीन मुंबईकर उपनगरी. आझाद मैदान, ओव्हल, क्रॉस मैदान, कूपरेज ही नामांकित मैदाने मात्र उरलेल्या एका मुंबईकराच्या वाट्याला आली आहेत. इंग्रजी अमदानीत शहराच्या दक्षिण टोकाला मोकळी जागा राखली गेली. पुढे लोकवस्ती उत्तरेकडे सरकली, मैदाने सरकली नाहीत. मुलुंड किंवा बोरिवलीच्या मुलाला कूपरेजवर सामना खेळायचा, तर जाण्यायेण्यात दोन-अडीच तास लोकलमध्ये घालवावे लागतात. हा वेळ आणि हे श्रम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. पण ती किंमतच आहे, आणि ती चौदा वर्षांचा मुलगा मोजतो.

आंतरराष्ट्रीय सामन्याच्या मैदानाचे प्रमाण माप १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे सुमारे पावणेदोन एकर. घाटकोपर वा अंधेरीच्या जमिनीच्या भावाने या पावणेदोन एकरांचे मोल काढले, तर तेथे फुटबॉल खेळू देणे हा वेडेपणाच वाटेल. त्यातून हिरवळीला विश्रांती लागते. एका मैदानावर दिवसभर सामने खेळवले तर दोन महिन्यांत तेथे माती उरते. म्हणूनच मैदानांची संख्या महत्त्वाची. बाजाराने या टंचाईवर आपल्या परीने तोडगा काढला आहे: जाळी लावलेले, कृत्रिम हिरवळीचे, तासाच्या भाड्याने मिळणारे ‘टर्फ’. माझे विद्यार्थी वर्गणी काढून रात्री उशिरा तेथे खेळतात. व्यायाम आणि करमणूक म्हणून ते उत्तमच आहे. परंतु पाच-पाच जणांच्या त्या पिंजऱ्यात लांब पल्ल्याचा पास, मोकळ्या जागेचा अंदाज, नव्वद मिनिटांचा दम या गोष्टी शिकता येत नाहीत. आणि ज्याच्यापाशी वर्गणी नाही, तो जाळीबाहेरच राहतो.

मैदान ही सार्वजनिक सोय आहे. तिचा लाभ एकट्या वापरणाऱ्यापुरता नसतो, म्हणून ती बाजारावर सोपविता येत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवले जाते. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांची आरक्षणे असतात. आराखड्याच्या नकाशावरचा हिरवा ठिपका प्रत्यक्षात मैदान होतो की वाहनतळ, यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र आराखडा करीत नाही. ते नागरिकांचे काम आहे.

पैशाशिवाय काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात पेठांच्या आणि तालमींच्या संघांचे सामने पाहण्यासाठी शाहू स्टेडियम भरून जाते. त्याच शहरातला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. कोल्हापूरच्या उत्साहातून असे खेळाडू आणखी निघायला हवे होते, हेही खरे. उत्साहाला शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची आणि लहान वयापासूनच्या नियमित सामन्यांची जोड मिळाली नाही, की तो गल्लीतच जिरतो. उपनगरांत उलट स्थिती आहे: प्रशिक्षणाचे शुल्कवर्ग पुष्कळ, पण जिद्दीने खेळायला लावणारी वस्तीची साखळी नाही.

करण्याजोगे

उपाय अवाढव्य नाहीत. पालिकेच्या ताब्यातील मैदानांवर आठवड्यातील काही तास शाळांच्या संघांसाठी विनामूल्य राखून ठेवावेत आणि त्याचे वेळापत्रक फाटकावर लावावे. दहिसर ते अंधेरी आणि मुलुंड ते कुर्ला अशा दोन साखळ्या, बारा, चौदा आणि सोळा वर्षांखालील मुलामुलींसाठी, शाळेच्या वर्षभर चालाव्यात. एका पराभवाने घरी पाठविणाऱ्या स्पर्धांचा येथे उपयोग नाही, कारण मूल हरूनही पुढल्या रविवारी खेळले तरच शिकते. बँका, रेल्वे आणि स्थानिक संस्था यांनी खेळाडूंच्या जागा भराव्यात, म्हणजे तुटलेला विमा काही अंशी पुन्हा सांधला जाईल. आणि आपण शिक्षकांनी खेळाचा तास गणिताच्या उजळणीला देण्याची उदारता आवरती घ्यावी.

गरीब देशाला हे चोचले परवडत नाहीत, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर एवढेच की, प्रेक्षागारे, उद्घाटने आणि रोषणाई यांवर होणारा खर्च आपल्याला परवडतोच आहे; न परवडणारी वाटते ती फक्त रोजची गोष्ट.

पुढील स्पर्धेत संघाचे काय होईल, याचे भाकीत करण्याचे धाडस मी करणार नाही. प्रशिक्षक बदलून एखादा सामना जिंकता येतो. एक पिढी घडायला दहा-बारा वर्षे लागतात. आज बारा वर्षांची असलेली मुले २०३५ च्या सुमारास राष्ट्रीय संघाच्या वयाची होतील. तेव्हा आशियाई चषकाचे दार उघडेल की नाही, याचा निकाल परदेशातल्या एखाद्या झगमगत्या स्टेडियममध्ये लागेल, असे आपल्याला वाटेल. वास्तविक तो आजच, आपल्या घराजवळच्या मैदानाच्या फाटकावर लागतो आहे. आणि त्या फाटकाला संध्याकाळी पाच वाजता कुलूप असते की नाही, हे पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे.